नियम सर्वांना सारखे, मग यादीत आदिवासी बाई का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका सामाजिक संरक्षण योजनेचा आढावा घ्यायचं काम तुमच्याकडे आलंय. नियम सर्वांना सारखे आहेत, वंश किंवा भाषेवरून कुणाला वगळलेलं नाही, निधीही पुरेसा आहे. तरी लाभार्थ्यांच्या यादीत आदिवासी स्त्रिया फार थोड्या आणि किशोरवयीन मुली जवळजवळ नाहीतच. असं का होतं, आणि दुरुस्तीला हात कुठे घालायचा?

मी वीसेक वर्षं अशाच योजना तपासतेय. पेन्शन, मातृत्व लाभ, बालभत्ता, आरोग्य विमा, सगळं त्यात आलं. माझं ठाम मत असं आहे की कुठलीही योजना लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक माणूस असतो. तो पगारावर काम करतो, त्याच्याकडे जन्मदाखला असतो, राहायचा पत्ता एकच असतो, कारभाराची भाषा त्याला येते आणि सरकारी दारात जाताना त्याच्या पोटात गोळा येत नाही. आदिवासी बाई यातल्या एकेका पायरीवर मागे पडत जाते. त्यामुळे तिला वगळणारं कलम शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. ते लिहायची गरजच उरलेली नसते.

आधी पसारा केवढा आहे ते बघू. जगात आदिवासी म्हणजे मूलनिवासी लोकांची संख्या सुमारे 47.6 कोटी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कामकरी आदिवासींपैकी 86 टक्क्यांहून अधिक लोक असंघटित क्षेत्रात आहेत. इतरांमध्ये हे प्रमाण 66 टक्क्यांच्या आसपास आहे. कामकरी आदिवासी स्त्रियांपैकी साधारण एक चतुर्थांशच पगारी नोकरीत आहेत, इतर कामकरी स्त्रियांमध्ये हा वाटा जवळपास निम्मा असतो. म्हणजे जी योजना पगारातून कापलेल्या वर्गणीवर उभी आहे, तिच्या दारापर्यंत चारांतल्या तीन आदिवासी बायका पोचूच शकत नाहीत. किमान एक तरी सामाजिक संरक्षण लाभ मिळणाऱ्यांचं जागतिक प्रमाण 2023 मध्ये 52.4 टक्के होतं, पुरुषांत 54.6 आणि स्त्रियांत 50.1. आदिवासी स्त्रियांचा वेगळा आकडा बहुतेक देश काढतच नाहीत, आणि माझ्या लेखी पहिली गळती तिथेच होते. मोजलं नाही की कमी आहे हे कळत नाही, आणि कळलं नाही की कुणी जाब विचारत नाही.

एकेकाळी मात्र वगळणारं कलम स्पष्ट लिहिलेलं असायचं. हा इतिहास सांगायलाच हवा, कारण आजच्या अविश्वासाची मुळं तिथे आहेत. ऑस्ट्रेलियात 1908 साली वृद्ध आणि अपंगांच्या पेन्शनचा कायदा झाला, त्यातून तिथल्या मूलनिवासींना नाव घेऊन वगळलं होतं. 1912 साली बाळंतपणानंतर आईला पाच पौंड द्यायचा कायदा आला, त्यातूनही मूलनिवासी आयांना वगळलं. 1941 साली बालभत्ता सुरू झाला तेव्हा काही अटींवर त्यांना आत घेतलं, पण मिशनच्या वस्तीतल्या मुलांचा भत्ता आईच्या हाती न देता मिशनकडे जायचा. अशा नियमांचे शेवटचे अवशेष 1966 साली निघाले. क्वीन्सलँड राज्यात तर मूलनिवासी स्त्री-पुरुषांची मजुरीसुद्धा सरकार स्वतःच्या ताब्यात ठेवायचं. त्या पैशांसाठी चाललेल्या दाव्यात 2019 साली 19 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली, तोवर कितीतरी हकदार हयात नव्हते. ज्या घरातल्या आजीचा पैसा सरकारने परस्पर ठेवून घेतला, त्या घरातल्या नातीने त्याच सरकारचा अर्ज हसत भरावा ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

कॅनडात हे वगळणं लग्नातून व्हायचं. तिथल्या 'इंडियन ॲक्ट'प्रमाणे आदिवासी बाईने समाजाबाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिचा कायदेशीर आदिवासी दर्जा जायचा. राखीव भूमीवर राहण्याचा हक्क, आरोग्याच्या सवलती, सगळं त्याच्याबरोबर जायचं. आदिवासी पुरुषाने बाहेरची बायको केली तर त्याचं काही जात नव्हतं, उलट तिलाच दर्जा मिळायचा. सँड्रा लवलेस यांनी हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे नेलं, 1981 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि 1985 साली कायदा बदलला. पण या बायकांच्या मुला-नातवंडांशी होणारा भेदभाव तुकड्यातुकड्यांनी दुरुस्त होत 2019 साल उजाडलं. तुमच्या योजनेत 'आदिवासी असल्याचं प्रमाणपत्र' मागत असाल तर ते बापाच्या नावावरून निघतं का, आणि नवऱ्याच्या घरी गेल्यावर टिकतं का, हे आधी तपासा. बाहेर लग्न केलेली, नवऱ्याने टाकलेली, लग्नाशिवाय आई झालेली, या तिघी इथेच गळतात.

आता कामाच्या मोजणीकडे वळते. एका पाहणीत मी प्रश्नावली भरणाऱ्याच्या शेजारी बसले होते. त्याने समोरच्या बाईला विचारलं, "काम काय करता?" ती म्हणाली, "काही नाही." त्याने रकान्यात 'गृहिणी' लिहिलं आणि पान उलटलं. मी तिला विचारलं, काल उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. मग निघालं ते असं: अंधारात उठून पाणी, मग बियाणं निवडणं, दुपारपर्यंत जंगलात कंद आणि सरपण, परत येऊन जनावरं, सासूच्या जखमेवर झाडपाला बांधणं, रात्री विणकाम. त्यातलं विणकाम दलालाला विकलं जायचं आणि पैसे नवरा आणायचा. त्या रकान्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं: ती 'कामगार' ठरली नाही, म्हणून मातृत्व लाभ नाही, अपघात विमा नाही आणि म्हातारपणी स्वतःच्या नावाची पेन्शनही नाही. बाई "काही नाही" म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. 'काम' म्हणजे ज्याचे पैसे मिळतात ते, हे आपणच तिला शिकवलेलं असतं.

हे बदलता येतं, ब्राझीलने ते करून दाखवलंय. तिथे 1971 च्या ग्रामीण पेन्शनमध्ये घरातल्या एकालाच, म्हणजे कुटुंबप्रमुखाला हक्क होता, अर्थात पुरुषाला. 1988 च्या संविधानाने आणि 1991 च्या कायद्याने नवरा-बायको दोघांना स्वतंत्र हक्क दिला. बाईला 55 व्या वर्षी, पुरुषाला 60 व्या वर्षी, आणि रक्कम पूर्ण किमान वेतनाइतकी. वर्गणीच्या पावत्यांऐवजी इतकी वर्षं शेतीत, मासेमारीत किंवा वनोपजावर राबल्याचा पुरावा मागितला. आदिवासींनाही या गटात धरलं आणि मातृत्व लाभही याच वाटेने दिला. वर्गणी भरू न शकणारी बाईसुद्धा कामकरी आहे हे कायद्यात आलं की बाकीचं पुष्कळ सोपं होतं. बोलिव्हियाने 2008 पासून साठ वर्षांवरच्या प्रत्येकाला पेन्शन देऊन हा पुराव्याचा प्रश्नच बाजूला ठेवला. तुमचा देश खर्च पेलू शकत असेल तर मी बोलिव्हियाचा मार्ग निवडेन. वर्षं सिद्ध करायचं ओझं शेवटी बाईवरच येतं.

अटींबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इथे हेतू चांगला असतो आणि इजा लपून राहते. मेक्सिकोने 1997 साली अटींवर रोख मदत द्यायची योजना सुरू केली: मुलं शाळेत जायला हवीत, घरातल्यांनी दवाखान्यात तपासणी करून घ्यायला हवी, आईने आरोग्याच्या बैठकांना यायला हवं. पैसे आईच्या हाती मिळायचे आणि माध्यमिक शाळेतल्या मुलींची शिष्यवृत्ती मुलग्यांपेक्षा जास्त ठेवली होती. मुलींची शाळा त्याने वाढली, हे श्रेय द्यायलाच हवं. पेरूने 2005 मध्ये 'हुंतोस' नावाने तोच साचा उचलला. पण दोन्हीकडे अटी पाळायचं काम फक्त आईचं. दवाखाना डोंगरापलीकडे, डॉक्टर आलेला नाही, रांग दुपारपर्यंत सरत नाही, तरी खाडा तिच्याच नावावर पडतो. पेरूत संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: कागदावर नसलेल्या अटी स्थानिक कर्मचारी स्वतःच लावत होते. दवाखान्यातच बाळंत व्हायचं, परसबाग करायची, अमुक कार्यक्रमाला हजर राहायचं, नाहीतर पैसे बंद. खरा नियम काय हे त्या बाईला तिच्या भाषेत कुणी सांगितलेलंच नसायचं.

म्हणून आढाव्यात कागदावरच्या अटी वाचून थांबू नका. लाभार्थी बायकांना विचारा, "पैसे बंद होऊ नयेत म्हणून तुम्ही काय काय करता?" उत्तरांची यादी नियमावलीपेक्षा लांब निघेल. आणि शिफारस करताना स्पष्ट लिहा: जिथे शाळा आणि दवाखाना द्यायचं कर्तव्य सरकारनेच पाळलेलं नाही, तिथे आईला अट घालायचा सरकारला अधिकार नाही.

दवाखान्यात न जाण्यामागे अंतर असतं तशी भीतीही असते, आणि त्या भीतीला कारणं आहेत. पेरूत 1996 ते 2000 या काळात सरकारी कार्यक्रमात 2,70,000 हून अधिक स्त्रियांची नसबंदी झाली. त्यातल्या कितीतरी ग्रामीण, केचुआ ही तिथली आदिवासी भाषा बोलणाऱ्या बायकांची खरी संमती घेतलेलीच नव्हती. डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या ग्रीनलँडमध्ये 1960 च्या दशकापासून सुमारे 4,500 इनुइट (आर्क्टिक भागातल्या मूलनिवासी) स्त्रिया आणि मुलींना गर्भनिरोधक साधनं बसवली गेली, कित्येकींना न सांगता, आणि त्यांत बारा-तेरा वर्षांच्या मुलीही होत्या. डेन्मार्कने अधिकृत माफी मागितली ती 2025 मध्ये. दुसरी भीती मूल काढून नेण्याची. कॅनडाच्या 2021 च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये आदिवासी मुलं 7.7 टक्के होती, आणि सरकारी देखरेखीखाली परक्या घरात ठेवलेल्या मुलांमध्ये 53.8 टक्के. घरात अन्न कमी, खोली एक आणि माणसं सात, याला 'हेळसांड' म्हटलं की गरिबीचाच गुन्हा होतो. अशा ठिकाणी आई मदत मागायला गेली तर मदतीआधी चौकशी येते. मग ती जात नाही, आणि आपण अहवालात 'जनजागृतीचा अभाव' असं लिहितो. हा शब्दप्रयोग कृपया वापरू नका. त्या बायकांना सगळं नीट ठाऊक असतं.

भीती ओसरते ती सेवा बदलली की. पेरूच्या आयाकुचो भागातल्या सान होसे दे सेक्से इथे आरोग्य केंद्राने केचुआ बायकांशी बोलून प्रसूतीची पद्धत बदलली. उभ्याने किंवा उकिडवं बसून बाळंत होता यावं म्हणून दोर आणि बाक ठेवला, घरची माणसं आत येऊ दिली, केचुआत बोलायला सुरुवात केली. 1999 मध्ये तिथल्या फक्त 6 टक्के प्रसूती केंद्रात व्हायच्या, 2007 मध्ये 83 टक्के. बायका त्याच होत्या आणि डोंगरही तेच. कॅनडाच्या नुनाविक भागात पूविर्निटुक इथे 1986 पासून इनुइट सुईणी प्रशिक्षण घेऊन गावातच बाळंतपणं करतात. त्याआधी बाईला कितीतरी दिवस आधी विमानाने दूर दक्षिणेच्या रुग्णालयात नेत, आणि मागे राहिलेल्या मुलांकडे कोण बघणार हे कुणी विचारत नसे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. जगात पाच वर्षांखालच्या सुमारे 15 कोटी मुलांची जन्मनोंदणी झालेली नाही. घरी जन्म, लांबचं कार्यालय, वडिलांच्या सहीची मागणी, यांमुळे आदिवासी मूल त्यात चटकन सापडतं. थायलंडच्या डोंगरी जमातींमधल्या कित्येकांचा जन्म तिथलाच, पण नागरिकत्व नाही. 2024 मध्ये सरकारने सुमारे 4,83,000 लोकांसाठी प्रक्रिया सोपी करायला मंजुरी दिली. त्या जमातींतल्या आज्यांचं आयुष्य मात्र वृद्ध भत्त्याविना गेलं, कारण भत्त्याला नागरिकत्व लागतं. बोटांचे ठसे, मोबाइल, बँकेचं ॲप यांनी या जुन्या अडचणींत नवी भर पडते. राबून रेषा झिजलेल्या बोटांना यंत्र नाकारतं, तेव्हा हाताने नोंद करून पैसे द्यायचा पर्याय नियमात लिहिलेला हवा, केवळ कर्मचाऱ्याच्या मर्जीवर नको.

पुराव्याऐवजी गावाची साक्ष घ्या अशी सूचना तुम्हाला हमखास येईल. चांगली आहे, पण साक्ष देणारे कोण हे बघा. पंच, मुखिया, परिषदेचे सदस्य बहुधा पुरुष असतात. विधवेच्या जमिनीवर डोळा असलेला दीरच तिचा साक्षीदार निघाला तर काय होईल ते तुम्हीच ठरवा. भारताच्या 2006 च्या वनहक्क कायद्यात विवाहितांच्या बाबतीत पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावावर द्यायची तरतूद आहे. योजनेच्या प्रत्येक कागदावर असं दुसरं नाव हवं. विस्थापनात तर ते फारच निकडीचं आहे. घराची भरपाई पुरुषाच्या नावावर निघते, आणि बाई ज्या जंगलातून कंद, औषध, सरपण आणायची त्याची किंमत कुणीच लावत नाही. दुष्काळाच्या वर्षी तिला तारणारं जंगलच होतं, आणि तेच गेलेलं असतं.

आता मुली. तुमच्या यादीत त्या नाहीत याचं मला आश्चर्य वाटत नाही. योजनेला दोनच दारं असतात: एक लहान मुलाचं, जे आईमार्फत उघडतं, आणि दुसरं प्रौढ बाईचं. बारा ते अठरा वर्षांची मुलगी मधल्या अंगणात उभी असते. तिचं लवकर लग्न झालं, ती गरोदर राहिली, तर कमी वय म्हणून काही मातृत्व योजना तिला नाकारतात. बालविवाह रोखायचा हेतू मला मान्य आहे, पण लग्न ठरवणाऱ्यांचं काहीच न बिघडता पोषणाचे पैसे मात्र त्या पोरीचे बंद होतात. शहरात घरकामाला गेलेली मुलगी गावच्या यादीत नसते आणि शहराच्याही नसते. घरकामगारांना सामाजिक सुरक्षेतून बाहेर ठेवणं घटनाविरोधी आहे, असा निकाल मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला. तिथल्या कितीतरी आदिवासी स्त्रिया आणि मुलींना या कामाचाच आधार असतो.

मुलींवर पडणारं एक काम कुठल्याच पाहणीत येत नाही, ते दुभाष्याचं. एका दवाखान्यात मी अकरा वर्षांची मुलगी पाहिली. आईला कारभाराची भाषा येत नव्हती, म्हणून मुलगी शाळा बुडवून आली होती. डॉक्टरांनी रक्तस्रावाबद्दल विचारलं, गर्भपात झाला होता का विचारलं. मुलीने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाली, "आई म्हणते, काही त्रास नाही." आईने तसं काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी आईचे उपचार चुकले, मुलीची शाळा बुडाली, आणि हजेरीच्या अटीप्रमाणे तो खाडा कुटुंबाच्या खात्यावर लागला. एका पगारी दुभाषीने हे तिन्ही टळलं असतं. तुमच्या अंदाजपत्रकात दुभाष्यांची ओळ नसेल तर ती पहिली घाला.

बालभत्ता कोणाला मिळतो तेही बघा. कितीतरी आदिवासी समाजांत मूल आजी किंवा मावशी वाढवते. न्यूझीलंडच्या माओरींमध्ये नात्यातल्या घरी मूल वाढवण्याची 'फांगाइ' ही रीतच आहे. फॉर्मवर फक्त 'आई किंवा वडील' असेल तर प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या बाईला काही मिळत नाही.

पैसे केंद्राने द्यायचे की राज्याने, या वादाला तुमच्या अहवालात जागा देऊ नका. कॅनडात नॉर्वे हाउस क्री नेशन या आदिवासी समाजातला जॉर्डन रिव्हर अँडरसन हा आजारी मुलगा डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिल्यावरही दोन वर्षांहून जास्त काळ रुग्णालयातच राहिला, कारण घरच्या शुश्रूषेचा खर्च कोणत्या सरकारने करायचा हे ठरत नव्हतं. 2005 साली तो पाचव्या वर्षी तिथेच गेला. त्याच्या नावाचं तत्त्व नंतर मान्य झालं: ज्या सरकारकडे आधी मागणी येईल त्याने खर्च करावा, हिशेब मागाहून. हे तत्त्व जसंच्या तसं उचला.

आंतरराष्ट्रीय आधार हवे असतील तर श्रम संघटनेच्या आदिवासींबाबतच्या 1989 च्या 169 क्रमांकाच्या करारातलं 24 वं कलम, संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासींच्या हक्कांबाबतच्या 2007 च्या जाहीरनाम्यातलं 22 वं कलम, आणि स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतच्या समितीची 2022 ची 39 वी शिफारस वाचा. ही शिफारस खास आदिवासी स्त्रिया आणि मुलींबद्दलच आहे.

सुरुवात कुठून करायची म्हणालात, तर कार्यालयातून नको. एक विधवा, एक गरोदर बाई आणि एक चौदा वर्षांची मुलगी, अशा तिघींना विचारून, त्यांची हरकत नसेल तर त्यांच्यासोबत घरापासून निघा आणि पैसे हाती पडेपर्यंत बरोबर चाला. किती वेळ लागला, किती ठिकाणी परत पाठवलं, कोणत्या भाषेत, त्या दिवसाची मजुरी किती बुडाली आणि घरी मुलांकडे कोण होतं, हे लिहून काढा. मग योजनेची नियमावली शेजारी ठेवा आणि ज्या ज्या ठिकाणी त्या थांबल्या तिथला नियम लाल पेनाने अधोरेखित करा. तुमच्या अहवालाचं पहिलं प्रकरण म्हणजे तो कागद, आणि त्याचं भाषांतर तिघींच्या भाषेत करून आधी त्यांना वाचून दाखवा. काही चुकलं असेल तर त्या सांगतील.